शेकडा चार

माझ्या आयुष्यातली पहिली कमाई ३३ रुपये ४४ पैसे इतकी होती. २०२४ सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी ती मला संगणकाच्या पडद्यावर दिसली. आदल्या रात्री तिथे शून्य होते. म्हणजे मी झोपलो असताना हे पैसे आले होते. तोवर झोपेत मी स्वप्नांखेरीज काहीही मिळवलेले नव्हते, त्यामुळे माझा आनंद गगनात मावेना. मी तसाच स्वयंपाकघरात धावलो. आई तिळाचे कूट करीत बसली होती.

"आई, पैसे मिळाले!"

"किती?"

मी आकडा सांगितला. आई हसली नाही. लहान रकमेला हसण्याची तिला सवयच नाही. हातातले काम न थांबवता तिने एवढेच विचारले, "कुणाकडून?"

"दुकानाकडून."

"तसं नव्हे रे. वस्तू घेतली कुणी?"

"ते कळत नाही. वस्तू कोणती खपली तेवढं दिसतं. घेणाऱ्याचं नाव सांगत नाहीत."

आईचा हात थांबला. "ज्याच्यामुळं पैसे मिळाले, तो कोण ते तुला ठाऊक नाही?" ती म्हणाली. मग पुन्हा तिने कूट करायला घेतले. मी मनात म्हटले, आईला नवे युग कळत नाही. त्या दिवशी मला सर्वच कळत होते. ज्याच्या खिशात पहिल्यांदा पैसे येतात त्याला काही दिवस सर्व कळत असते.

आईने हा प्रश्न का विचारला, ते समजायला तिचा व्यवसाय सांगितला पाहिजे. माझी आई पोस्टाच्या अल्पबचतीची एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असे त्या योजनेचे लांबलचक नाव. १९७२ साली ती सुरू झाली. पोस्टातल्या पाच वर्षांच्या आवर्त ठेवीचे हप्ते घरोघर जाऊन गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे, हे तिचे काम. त्याबद्दल तिला शेकडा चार रुपये कमिशन मिळते. कुणी महिन्याला पाचशे रुपये टाकत असेल तर आईला त्याचे वीस रुपये. या विसांसाठी तिला एकदा हप्ता मागायला जावे लागते, 'उद्या या' म्हटले की पुन्हा जावे लागते, आणि उद्याही घराला कुलूप असले तर तिसऱ्यांदा.

तिचा मुलूख म्हणजे जुने नाशिक. दहीपूल, तिवंधा, तांबट लेन, भद्रकाली आणि पुलापलीकडे थोडी पंचवटी. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, त्या दिवशी ती भाजी आणि हप्ते दोन्ही घेऊन येते. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढले की सगळे नाशिक पूर पाहायला लोटते; माझ्या आईला त्या दिवशी घाटाजवळच्या खातेदारांची काळजी पडलेली असते. प्रत्येक खातेदाराकडे एक कार्ड असते. हप्ता घेतला की आई त्या कार्डावर रक्कम लिहून सही करते. पोस्टातले पुस्तक पुढे कधीतरी भरून येते; तोवर त्या घरातल्या माणसाजवळ आपल्या पैशाचा पुरावा म्हणजे आईची ती सही. आईची सही मराठीत आहे, वळणदार आहे, आणि घाईतसुद्धा ती कधी वेडीवाकडी होत नाही.

हप्त्यांची यादी आता संगणकावर भरावी लागते. हे काम दहावीपासून माझ्याकडे आले. खाते क्रमांक, रक्कम, किती महिन्यांचा हप्ता, असे एकेक घालत यादी पुरी करायची. संगणकाशी माझी ओळख झाली ती या यादीमुळे. इतर मुले त्यावर खेळ खेळायला शिकली, मी तांबट लेनमधले हप्ते भरायला शिकलो. याद्या करण्याचा माझा हात असा लहानपणीच बसला, आणि पुढे मला मोह पडला तोही याद्यांचाच.

द्वितीय वर्षाला असताना आम्हाला एक प्रकल्प होता. मी विषय घेतला 'जुन्या नाशकातील गल्ल्या'. आईबरोबर हिंडून त्या गल्ल्या मला पाठ होत्या. सार्वजनिक वाचनालयात जाऊन मी थोडे वाचले. १८४० साली स्थापन झालेल्या या संस्थेत बसले की आपणही थोडे जुने आणि शहाणे झाल्यासारखे वाटते. मुंबई इलाख्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांविषयी लिहिलेले सापडले, तेव्हा मला कोण आनंद झाला! ती भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत तर आमची खाती होती. प्रकल्पाला गुण बरे पडले. पण लिहिलेले कपाटात पडून राहावे हे मनाला पटेना, म्हणून मी एक छोटे संकेतस्थळ उघडले आणि त्यावर एकेक गल्ली मराठीत लिहून टाकू लागलो. नावनोंदणीचे वर्षाचे पैसे शिष्यवृत्तीतून भरले.

पहिल्या महिन्यात अकरा वाचक आले. त्यांतला चार वेळा आलेला मीच होतो.

तेव्हा वाणिज्य शाखेतल्या एका मित्राने मला ज्ञान दिले. तो म्हणाला, "तू फुकट लिहितोस कशाला? खाली दुकानाची यादी लाव."

हा प्रकार काय असतो ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी या यादीतून कधी ना कधी काहीतरी विकत घेतलेले असते आणि त्यांना ते ठाऊक नसते. इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानाकडे आपण नाव नोंदवायचे. दुकान आपल्याला एक खुणेचा क्रमांक देते. मग दुकानातल्या वस्तूंची चित्रे, नावे आणि लिंक आपल्या पानावर लावायच्या. प्रत्येक लिंकच्या शेपटीला आपली खूण असते. वाचकाने त्या लिंकवर बोट ठेवले की तो दुकानात पोचतो, आणि त्याला कुणी धाडले हे दुकानाला समजते. त्याने काही घेतले तर आपल्याला कमिशन. माल आपला नाही, गुदाम आपले नाही, बांधाबांध आपली नाही. आपण फक्त वाट दाखवणारे.

ही कल्पना तशी आपल्या वयापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या ॲमेझॉनने १९९६ साली, त्या वेळी ती नुसती पुस्तके विकत असे तेव्हा, दुसऱ्यांच्या संकेतस्थळांना असे कमिशन देऊ केले. आपल्याकडे २००७ साली फ्लिपकार्ट निघाली तीही पुस्तके विकतच, आणि २०१३ साली ॲमेझॉन भारतात आली. ज्या दुकानाची यादी मी लावली त्याचे नाव मात्र मी इथे घेत नाही. दोष माझा होता. पाटी दुसऱ्याची लावून काय मिळणार?

या धंद्याचे नियमही गमतीचे आहेत. वाचक आपल्या वाटेने दुकानात शिरला की आपली खूण त्याच्या अंगावर ठरावीक काळच टिकते. माझ्या दुकानाच्या बाबतीत चोवीस तास. तेवढ्या वेळात त्याने दुसरेच काही घेतले तरी कमिशन आपले. माझा सुंदरनारायण मंदिरावरचा लेख वाचून कुणा सद्गृहस्थाने कुत्र्याचा पट्टा घेतला, त्याचे मला अकरा रुपये मिळाले. देवळाच्या नक्षीचे वर्णन करताना मी काय लिहिले की ज्यामुळे त्यांना पट्टा आठवला, याचा मी अजून शोध घेतो आहे. वस्तू परत गेली की कमिशनही परत जाते. आपणच आपल्या लिंकवरून घेतले तर काही मिळत नाही. किंमत पानावर हाताने लिहून ठेवता येत नाही, कारण दुकानातली किंमत सकाळी एक आणि दुपारी दुसरी असते. आणि कमिशन मोजतात ते कर वगळून उरलेल्या किमतीवर. भांड्यांवर मला शेकडा पाच मिळत होते. आईपेक्षा एक रुपया जास्त! तेही एकही जिना न चढता.

तांबट लेनवरच्या माझ्या लेखाखाली मी पहिली यादी लावली. लेखात मी मठारकामाविषयी लिहिले होते. तांब्याचा पत्रा तापवून, थंड करून, हातोडीच्या एकेका ठोक्याने भांड्याला कसा आकार येतो, ठोक्यांच्या ओळी माशाच्या खवल्यांसारख्या कशा दिसतात, आणि लहानपणी तो आवाज दुरून ऐकू आला की आईचे पुढचे घर आले हे मला कसे कळायचे, असे सगळे. लेख मनापासून लिहिला होता. आईला तो एवढा आवडला की तिने तो व्हॉट्सॲपवर आपल्या सर्व खातेदारांना पाठवला. 'माझ्या मुलाने लिहिले आहे, वाचा,' असे वर लिहून. लेखाच्या खाली तांब्याच्या बाटल्या, जग आणि पेले होते. ३३ रुपये ४४ पैसे त्यातल्याच एका बाटलीचे. बाटलीची किंमत ७४९ रुपये.

त्या पहिल्या कमाईनंतर माझे लिहिणे बदलले. एका दिवसात नाही. हळूहळू, आणि मला न कळता. पूर्वी मी गल्लीत जाऊन येत असे आणि मग लिहीत असे. आता मी आधी दुकानात काय आहे ते पाही आणि त्यावर बेतून लिही. काळ्या रामाच्या लेखाखाली पूजेची उपकरणी आली. पेठेतल्या एका वाड्याच्या लेखाखाली पितळी कड्या आल्या. मार्चमध्ये मी 'गुढीसाठी सात उत्तम तांबे' असा लेख लिहिला. या सातांपैकी एकाही तांब्याला मी हात लावलेला नव्हता. 'वजनदार', 'टिकाऊ', 'झळाळी दीर्घकाळ टिकते' असली विशेषणे मी दुकानाच्या वर्णनातून उचलली आणि आपल्या मराठीत बसवली. माझे मराठी चांगले आहे असे सर म्हणतात. त्या मराठीला मी असल्या कामाला जुंपले होते.

पाडवा ९ एप्रिलला होता. त्या महिन्यात माझ्या नावावर २१८० रुपये जमा झाले. ते बँकेत पडायला अजून दोन महिने होते, पण मी मनातल्या मनात ते तीनदा खर्च केले. आईच्या कमिशनशी मी आपल्या कमाईची तुलना करू लागलो. एकदा तर जेवताना म्हणालोही, "आई, तू एवढी वणवण करतेस, त्यापेक्षा—" तिने माझ्याकडे पाहिले आणि मी वाक्य पुरे केले नाही. एवढी अक्कल तेव्हाही शिल्लक होती.

मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेच्या दोन-तीन दिवस आधी, आई हप्ते घेऊन आली ती नेहमीप्रमाणे पाणी न पिता तशीच खुर्चीवर बसली. पिशवीतून तिने एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तांबूस रंगाची बाटली. तोंडाजवळ रंग उडून आत करडी धातू दिसत होती आणि आतून गंजाचा वास येत होता.

"बाईंची आहे," ती म्हणाली.

बाई म्हणजे तांबट लेनच्या टोकाशी राहणाऱ्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या बाई. गल्लीतली निम्मी माणसे त्यांच्या हाताखाली गमभन शिकली. आईकडे त्यांचे पाचशे रुपयांचे खाते आहे आणि पंधरा वर्षांत त्यांचा हप्ता कधी चुकलेला नाही. त्यांनी तो लेख वाचला होता. दुकानाचे बिल त्यांच्या मोबाईलवर होते. आईने ते मला दाखवले. तारीख ८ जानेवारी, किंमत ७४९ रुपये. माझ्याकडच्या नोंदीत त्या आठवड्यात एकच बाटली होती.

आईच्या 'कुणाकडून?' या प्रश्नाचे उत्तर चार महिन्यांनी टेबलावर येऊन उभे राहिले होते.

बाईंनी ती उन्हाळ्यासाठी जपून ठेवली होती. चैत्रात वापरायला काढली, चिंच-मिठाने घासली, आणि चार-सहा घासण्यांत तांबे निघून गेले. परत करण्याची मुदत तोवर संपून गेलेली. बाईंनी तक्रार अशी केलीच नाही. त्या आईला एवढेच म्हणाल्या, "अगं, तुझ्या मुलानं लिहिलंय म्हणून मी काही पाहिलं नाही."

मी घाईघाईने बोलू लागलो. दुकानाने फसवले, कारखानदाराने फसवले, मला काय ठाऊक, मी तर फक्त लिंक लावली होती. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

आम्ही तांबट लेनमध्ये गेलो. ज्या कारागिराविषयी मी लेखात लिहिले होते त्यांच्याच दुकानात आईने मला नेले. त्यांचेही आमच्याकडे खाते आहे. मी त्यांना काका म्हणतो. काकांनी बाटली हातात घेऊन नुसती तोलली, खणातून लोहचुंबकाचा तुकडा काढला आणि बाटलीला लावला. तो चिकटून बसला.

"तांब्याला चुंबक लागत नाही," ते म्हणाले. "लोखंडावर मुलामा आहे. लहान पोरालाही कळलं असतं."

शरमेने माझी मान वर होईना. काका मात्र रागावले नाहीत. मला वाटते, रागावले असते तर बरे झाले असते. ते आपल्या कामाविषयीच बोलत राहिले. तांबे किलोच्या भावाने मिळते, त्यावर मजुरी निराळी. दुकानात काट्यावर भांडे ठेवले की खोटे बोलायला जागा उरत नाही. पन्नास वर्षांनी कुणी भांडे मोडीत आणले तरी तांब्याचे पैसे त्याला द्यावेच लागतात. मग ते म्हणाले, "घेणाऱ्याचं नाव आम्ही भांड्यावर घालून देतो. का ठाऊक आहे? तो परत येणार असतो. तुझ्याकडं परत कोण येणार?"

लेखाखालच्या यादीविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. पण मला तेव्हा प्रथम जाणवले की ज्या माणसाच्या हातोडीचे मी इतके कौतुक केले, त्याच्याच नावाखाली मी दुसऱ्या कुणाचा मुलामा दिलेला माल मांडला होता. त्यांच्या दुकानाचा पत्ताही मी लिहिला नव्हता. पत्त्याला कमिशन नव्हते ना!

तिथून आई बाईंकडे गेली. पर्समधून तिने सातशे एकोणपन्नास रुपये मोजून काढले. बाई घ्यायला तयार होईनात. "अगं, पोराची चूक आहे, तू कशाला?" आई म्हणाली, "बाई, लेख मी पाठवला होता. पैसे घेतले नाहीत तर पुढच्या महिन्याचा हप्ता मला तुमच्याकडून घेता येणार नाही." यावर बाईंचा इलाज चालला नाही.

रात्री मी आईची वही घेऊन बसलो. ७४९ रुपये कमिशन मिळवायला शेकडा चारने तिला किती रुपये गोळा करावे लागतात याचे त्रैराशिक मांडले. १८,७२५ रुपये. म्हणजे पाचशेचे सदतीस खातेदार आणि वर थोडे. सदतीस जिने, सदतीस सह्या, आणि 'उद्या या' निराळे. मी त्या बाटलीवर मिळवले होते ३३ रुपये ४४ पैसे. मी देऊ केलेले पैसे आईने घेतले नाहीत. घेते तरी कुठून? माझी कमाई अजून पडद्यावरच होती.

त्यानंतर बरेच दिवस मी कमिशन या वस्तूचाच विचार करीत होतो. आपल्या जिल्ह्याला तो शब्द काही नवा नाही. लासलगावच्या कांद्यावर अडत असते. ती अडत कुणी सोसायची यावर केवढे रण माजले! २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. विमा एजंटाला कमिशन असते, घर दाखवणाऱ्याला असते. यात कुणी पाप करतो असे मला वाटत नाही. मधल्या माणसावाचून जगाचे चालत नाही. माझी आई मध्ये नसती तर बाईंचे पाचशे रुपये दरमहा पोस्टात गेलेच असते असे नाही.

मग आईच्या शेकडा चारात आणि माझ्या शेकडा पाचात फरक कोणता? आधी वाटले, श्रमांचा. आई चालते, मी बसतो. पण नुसते चालण्यात पुण्य असते तर सगळे पोस्टमन स्वर्गात गेले असते. फरक निराळा आहे. आई ज्याच्याकडून हप्ता घेते त्याच्या दारात तिला पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे असते. तिचा चेहरा आणि तिची सही एकाच ठिकाणी असतात. माझा वाचक मला दिसत नव्हता, मी त्याला दिसत नव्हतो. त्याला दिसत होती फक्त माझी भाषा. आणि मी ती भाषा अशी वापरली की जणू त्या वस्तू मी हाताळून, तोलून, पारखून घेतल्या आहेत.

गंमत अशी की कायद्यालाही हे कळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम काढले. एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याचे मत प्रामाणिक असावे, आणि ते पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेले असावे, असे त्यात आहे. शिफारशीतून आपला काही लाभ होत असेल तर तो लोकांना स्पष्ट सांगावा, असेही आहे. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरून शिफारशी करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका निघाली. हे सांगणे सोप्या भाषेत आणि नजरेतून सुटणार नाही असे असावे, हे तिच्यात बजावले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. माझ्यासारख्या तेहेतीस रुपयांच्या धन्याला कुणी दहा लाखांचा दंड करणार नव्हते हे उघड आहे. तरी ते नियम वाचताना मला घाम फुटला. दंडाच्या भीतीने नव्हे, तर 'अनुभवावर आधारलेले' या शब्दांनी.

माझ्याही पानावर कमिशनची कबुली होती, नाही असे नाही. ती अगदी तळाशी, बारीक अक्षरात, इंग्रजीत होती. दुकान सांगते म्हणून चिकटवलेली. गल्लीवरचा लेख मराठीत आणि कबुली इंग्रजीत! बाईंनी ती वाचली नसेल यात नवल ते काय?

जूनमध्ये मी तीन दिवस बसून सगळ्या याद्या तपासल्या. एकशे बारा वस्तू होत्या. त्यांतली प्रत्येक समोर घेऊन स्वतःला विचारले, 'ही तू पाहिली आहेस?' उरल्या नऊ. त्यांत सहा पुस्तके, एक छत्री, एक विजेरी आणि आमच्याच घरातला कुकर. बाकीच्या काढून टाकल्या. गुढीच्या सात तांब्यांचा लेख पुसला. तांबट लेनच्या लेखाखाली आता गल्लीत अजून काम करणाऱ्या दुकानांकडे कसे जायचे ते लिहिले आहे, आणि तांबे ओळखण्याची चुंबकाची युक्ती. यातून मला काही मिळत नाही. जिथे लिंक आहे तिथे वस्तूच्या आधीच, ठळक मराठीत, एक ओळ घातली: 'ही वस्तू मी वापरली आहे. येथून घेतल्यास दुकान मला कमिशन देते.'

कमाई अर्थातच कोसळली. पुढच्या सहा महिन्यांत मिळून ४१२ रुपये. मित्र म्हणाला, "तू मूर्ख आहेस." असेल. एप्रिलचे २१८० रुपये जूनअखेर बँकेत आले तेव्हा मला पूर्वीचा आनंद काही झाला नाही. त्या पाडव्याला त्या तांब्यांपैकी किती जणांच्या घरी गुढीवर लोखंड उभे राहिले असेल? सगळेच तांबे खोटे असतील असे नाही, बहुधा नसतीलही. पण मला ते माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याची वाटही नाही. बाई गल्लीतल्या होत्या म्हणून कळले. बाकीची माणसे कुठे राहतात कोण जाणे. त्यांचे पैसे फेडायला मी कुणाच्या दारी जाऊ? ही टोचणी अजून गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असेही कधी कधी वाटते.

त्या पैशांतून मी काकांकडून एक तांब्या घेतला. वजनावर घेतला. बाईंना नेऊन दिला. त्यावर बाईंचे नाव घालून दिले आहे. बाई म्हणाल्या, "अरे, अक्षय्य तृतीया तर होऊन गेली." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी उपयोगी पडेल." एवढे झाल्यावर त्यांनी माझ्याकडून 'तांबट' हा शब्द पाटीवर लिहून घेतला नाही, हे माझे नशीब.

हा लेख लिहीत असताना आई आतल्या खोलीत कार्डांवर सह्या करीत बसली आहे. उद्या यादी भरायची आहे. मघाशी तिने सहज विचारले, "या महिन्यात तुझे किती झाले रे?"

"चौसष्ट रुपये."

"कुणाकडून?"

"एक छत्री गेली," मी म्हणालो. "कुणी घेतली ते अजूनही कळत नाही. पण छत्री चांगली आहे, आई. दोन पावसाळे मी तीच वापरतोय."

आईने मान हलवली आणि पुढचे कार्ड घेतले.